सुलोचनावहिनींना पुरेल एवढी फट

हिवरमाथ्यात एक माणूस बोलायचा थांबल्यापासून दुसरा बोलायला लागेपर्यंत जो वेळ जातो, तो रंगनाथ घोलपच्या पिकअपच्या टॅपेटमधल्या फटीवर ठरतो. फट जास्त असली की गाव सावकाश बोलतं, कमी असली की भराभर बोलतं. असं का, ते मला विचारू नका. मी एसटीत कंडक्टर होतो, मेकॅनिक नव्हतो. आमच्या आधीच्या पिढीत म्हणे हा वेळ तेल्याच्या घाण्यावर ठरायचा. घाणा मोडीत निघाला, त्याच सुमारास गावात पहिली पिकअप आली, आणि तो कारभार तिच्याकडे गेला. कुणी हरकत घेतली नाही.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाला हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला झडपा असतात. प्रत्येक झडपेला वरून दाबणारा एक लोखंडी हात असतो. हा हात आणि झडप यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण इंजिन तापलं की लोखंड फुगतं. फट ठेवलीच नाही, तर फुगलेला हात झडपेला पुरतं मिटू देत नाही, आणि ती जळते. फट जास्त झाली तर दोघं एकमेकांवर आपटतात आणि टकटक आवाज येतो. ही फट मापात आणणं म्हणजे टॅपेट सेट करणं. इंजिन थंडगार असतानाच ते करायचं असतं.

ग्रामपंचायतीचा याबाबत रीतसर नियम आहे. दिवाळी झाली की, लग्नसराई लागायच्या आत, सरपंचांच्या देखत टॅपेट सेट व्हायला हवेत. फट मोजायचा फिलर गेज, म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, पंचायतीच्या कपाटात गोल शिक्क्याच्या शेजारी ठेवलेला असतो. माप पॉइंट तीस मिलिमीटर. पॉइंट तीसला एक माणूस बोलून थांबतो, समोरचा एक श्वास घेतो आणि मग बोलतो. हे माप कंपनीनंच पुस्तकात दिलेलं आहे. कंपनीला आमच्या गावाची काही कल्पना असेल असं वाटत नाही, पण माप चपखल बसलं.

मध्ये दोन वर्षं हे काम राहून गेलं. सरपंचपदाचा वाद कोर्टात गेला आणि पंचायतीवर प्रशासक आले. त्यांना आम्ही टॅपेटचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की खाजगी वाहनाच्या दुरुस्तीची तरतूद नाही. मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे फट झिजत झिजत वाढत गेली, गाडी टकटक करायला लागली, आणि गावाचं बोलणं हळूहळू सैल पडलं. आम्हाला ते जाणवलं नाही. सगळ्यांचंच एकदम सैल पडलं तर कुणाला जाणवणार?

त्याच दोन वर्षांत रंगनाथच्या बायकोला, सुलोचनावहिनींना, अर्धांगाचा झटका आला.

रंगनाथचा मंडपाचा धंदा आहे. मांडव, खुर्च्या, पंखे, पातेली, सगळं त्याच्या पिकअपमधून जातं. पण धंदा खरा चालवायच्या त्या वहिनी. कुठल्या लग्नाला किती झारे गेले आणि किती परत आले, हे त्यांच्या तोंडपाठ असायचं. एकदा त्यांनी भर मांडवात नवरदेवाच्या मामाच्या पिशवीतून घोलपांचा वाढायचा डाव काढला होता आणि वर हसत म्हणाल्या होत्या, "मामा, आहेर उलट्या बाजूनं चाललाय." अशी बाई. झटक्यानंतर उजवा हात अधू झाला, पाय जरा फरफटायला लागला आणि बोलणं उशिरा यायला लागलं. शब्द तोच असायचा, नेमका असायचा, पण निघाल्यावर पोचायला वेळ घ्यायचा.

त्या दोन वर्षांत मात्र हे कुणाला उशिरा वाटलं नाही. मी शेजारी. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर जायचो. "वहिनी, चहा झाला का?" असं विचारायचो, चपला काढायचो, बसायचो, खिशातून चष्मा काढून पुसायचो, आणि मग वहिनी म्हणायच्या, "तुमच्यामुळंच... पातेलं... मोठं घेतलंय, भावजी." मग मी हसायचो, तेही सावकाश. फट मोठी होती, त्यात वहिनींचं बोलणं आरामात मावत होतं.

मग निवडणूक झाली आणि मंगलताई दाभाडे सरपंच झाल्या. कामाची बाई. आल्या आल्या त्यांनी रखडलेल्या कामांना हात घातला, त्यात टॅपेटही आलं. नेमकं त्याच आठवड्यात तालुक्याच्या एका बड्या असामीनं रंगनाथला लग्नाची ऑर्डर देताना सांगितलं होतं, की गाडी मांडवाच्या मागं लांब उभी करा, तिच्या खडखडाटात सनई ऐकू येणार नाही. रंगनाथला ते लागलं.

"गफूरभाई, आवाज पार बंद झाला पाहिजे," तो म्हणाला.

गफूरभाई शिकलगार हा आमचा मेकॅनिक. हात चांगला, तोंड त्याहून जास्त चालतं. "शेठ, आवाज पार बंद करायचा म्हणजे फट पार मारायची. मग झडप बसणार न्हाई. थोडा आवाज राहू द्या, तब्येतीला बरा."

"मला सनईच्या शेजारी गाडी लावायचीय," रंगनाथ म्हणाला.

मंगलताईंनी मध्यममार्ग काढला. त्या म्हणाल्या, दोन वर्षांचा अनुशेष आहे, तेव्हा यंदा जरा घट्टच ठेवू. गफूरभाईनं खांदे उडवले आणि जुडग्यातली जवळपास सगळ्यात पातळ पाती काढली. शेवटचा नट आवळला गेला तसं गावाचं बोलणं घट्ट झालं.

पहिले काही दिवस लोक खूश होते, हे मी मान्य करतो. वाण्याच्या दुकानात "अर्धा किलो—" म्हणेपर्यंत साखर तोलून व्हायची. भांडणं चटकन संपायची, कारण दोघंही एकदमच बोलून मोकळे. शाळेत गुरुजींचा प्रश्न संपायच्या आत पोरं उत्तर द्यायची, चुकीचं का होईना. दाभाडे आळीत पाहुणे मुलगी बघायला आले आणि मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायच्या आधी पसंतीचा निरोप देऊन निघूनही गेले. मंगलताईंची पहिली ग्रामसभा तर चहा उकळायच्या आत आटोपली. तालुक्याला त्याचं कौतुक झालं.

मग एकेक गोष्ट बिघडत गेली. विनोद बंद पडले, कारण हसू विनोदाच्या आधी यायचं. माफी मागणं बंद पडलं, कारण समोरचा आधीच "असू दे, असू दे" म्हणायचा, आणि मागणाऱ्याचं तोंड तसंच राहायचं. दौलत गवळ्याची आई वारली तेव्हा आम्ही भेटायला गेलो. अशा घरी जाऊन करायचं काय असतं? गप्प बसायचं असतं. पण आम्हाला गप्प बसताच येईना. कुणी "फार वाईट—" म्हटलं की दुसरा पावसापाण्याचं सुरू करायचा, तिसरा ऊसतोडीचं. दौलत मध्ये बसून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. मला लाज वाटली, पण लाज वाटायच्या आधीच मीही बोलून बसलो होतो.

सगळ्यात हाल वहिनींचे झाले.

मी ओट्यावर जाऊन "वहिनी, बरं आहे ना?" म्हणायचो, आणि आतून रंगनाथ ओरडायचा, "बरंय, बरंय." वहिनींचं तोंड उघडलेलं असायचं. कामवाली विचारायची, "भात वाढू का?" आणि तीच म्हणायची, "वाढते." मान हलवून सांगावं तर त्यालाही फट लागते. त्यांची मान हलेपर्यंत विषय भातावरून भांड्यांवर गेलेला असायचा. हात थरथरायचा, म्हणून लिहिणं जमत नव्हतं. थोड्याच दिवसांत वहिनींनी तोंड उघडायचंच सोडून दिलं. ओट्यावर बसायच्या आणि रस्त्याकडे बघायच्या. ज्या बाईनं मामाच्या पिशवीतून डाव काढला, ती बाई स्वतःच्या ताटातल्या भाताबद्दल बोलेनाशी झाली. मला फार वाईट वाटायचं. पण गावात तेव्हा वाईट वाटायलासुद्धा जागा राहिली नव्हती.

अशात त्यांचा मुलगा हेमंत पुण्याहून आला. चिंचवडला कंपनीत चांगल्या जागेवर आहे. मुलगा वाईट नाही. आईला बघून त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, आई अजिबातच बोलत नाही आता. मी तिला तिकडे घेऊन जातो, तिथे डॉक्टर—"

"ने की, ने," रंगनाथ म्हणाला.

"आई, येशील ना—"

"येईल, येईल," रंगनाथ म्हणाला. कामवालीही म्हणाली. आणि सांगायला लाज वाटते, ओट्यावरून मीही म्हणालो. ठरून गेलं. पुढच्या रविवारी हेमंत गाडी घेऊन येणार आणि वहिनींना कायमचं घेऊन जाणार. वहिनींच्या ओठांचा चंबू झाला होता, कुठल्या तरी शब्दाची सुरुवात होती. हेमंतची गाडी वेशीबाहेर गेली तेव्हा तो चंबू तसाच होता.

आता रंगनाथला काही कळत नव्हतं असं नाही. पण त्याला सोपं झालं होतं, हे खरं. उशिरा येणाऱ्या शब्दाची वाट बघत उभं राहायचं काम त्याच्या मागचं सुटलं होतं. बिचारा दिवसभर खुर्च्या चढवून उतरवून थकलेला असायचा. मी त्याला दोष देत नाही. थोडा देतो.

गुरुवारी दुपारी तो माझ्या घरी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कंडक्टर, मी तिची बॅग भरत व्हतो. म्हणलं ही निळी साडी घेऊ का, घेतो. ही घेऊ का, ही बी घेतो. तर तिनं काय करावं? उठली, आली, आन् डावा हात माझ्या तोंडावर ठेवला."

"मग—"

"गच्च ठेवला. दाबून धरला. माझ्याकडं बघत व्हती. काहीतरी सांगायचं व्हतं तिला, ओठ हलत व्हते. आन् मी काय केलं? हात बाजूला केला आन् म्हणलं, पाणी पाहिजे का, आणतो. आन् आणायला गेलो की रं!"

त्याच्या डोळ्यात पाणी आलं. घट्ट फटीत माणूस रडतो तेसुद्धा बोलता बोलताच. तो म्हणाला, "तिला जायचंय का न्हाई, हे मला म्हाईतच न्हाई. लग्नाला एवढी वर्षं झाली, आन् मी तिला इचारलंच न्हाई. इचारलं तरी मीच सांगणार."

मी म्हणालो, "फट वाढव." हे त्याच्या बोलण्याच्या मध्येच म्हणालो, पण त्याला ऐकू गेलं.

अडचणी दोन होत्या. एक म्हणजे एकदा सेट केलेली फट पुढच्या दिवाळीआधी ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. दुसरी म्हणजे शनिवारी गाडी लग्नाला जाणार होती, मुक्काम करून रविवारी सकाळी परत. आणि गफूरभाईचं म्हणणं होतं, की ग्रामसभा शनिवारच्या आत होत नाही, तेव्हा काम रविवारीच निघणार, आणि गाडी तेव्हा तापलेली असणार. लोकांचं लग्न काही रंगनाथला पुढं ढकलता येत नव्हतं.

मंजुरीची मला काळजी वाटत होती. लोकांना भराभर बोलायची सवय झाली होती, सवय सोडायला कोण तयार होणार? शनिवारी सकाळी, सामान भरलेली गाडी निघायला सुरू करून उभी असताना, पंचायतीसमोरच्या कट्ट्यावर तातडीची ग्रामसभा भरली. रंगनाथ उभा राहिला. त्यानं आदल्या दिवशी माझ्याकडून भाषण लिहून घेऊन पाठ केलं होतं.

"टॅपेटची फट वाढवायचा इषय—"

"मंजूर!" सभा म्हणाली.

"पर किती वाढवायची ते—"

"मंजूर!"

मंगलताईंनी टेबलावर हात आपटला आणि फिलर गेज काढून दिला. रंगनाथ उभाच होता. त्याचं भाषण घशात राहिलं. फट किती, याला मर्यादाच घातली गेली नाही, कारण मर्यादेपर्यंत कुणी ऐकलंच नव्हतं. ठराव कायदेशीर होता. मी घरी येऊन दोन कप चहा प्यायलो.

रविवारी सकाळी हेमंत लवकर आला. बॅग डिकीत गेली, औषधांची पिशवी गेली, वहिनींची काठी गेली. वहिनी ओट्यावर निळी साडी नेसून बसल्या होत्या. रंगनाथचा पत्ता नव्हता. हेमंत सारखा घड्याळ बघत होता. शेवटी घाटाकडून पिकअप आली, पण कशी? अजिबात आवाज न करता, आणि बैलगाडीच्या चालीनं. फट मारल्यापासून आवाज गेला होता, आणि मग एकेक करत जोरही गेला होता, कारण गफूरभाईनं सांगितल्याप्रमाणे झडपा बसत नव्हत्या. घाटात म्हणे वऱ्हाडातल्या दोन पोरांनी उतरून धक्का दिला.

रंगनाथनं गाडी हेमंतच्या गाडीसमोर आडवी लावली. आळी अरुंद आहे. आडवी लावली म्हणजे लावली.

"बाबा, गाडी काढा ना, आम्हाला निघायचंय—"

"टॅपेट हाय," रंगनाथ म्हणाला.

"टॅपेट आता कशाला—"

"ठराव हाय," मी म्हणालो. हेमंतनं किल्ली खिशात टाकली.

गफूरभाईनं बॉनेट उघडलं आणि हात लावून झटक्यात मागं घेतला. "भट्टी हाय नुसती. आत्ता फट ठेवली तर ती खोटी फट. गार झाल्यावर भलतंच माप निघंल. थांबावं लागंल."

"पाणी ओता—"

"पाणी ओतलं तर इंजिनाचं हेड तडकंल. थांबावं लागंल."

थांबायचं हा शब्द गावात बरेच दिवस कुणी वापरला नव्हता. कुणाला काही सुचेना. मग रंगनाथ स्वतःच गाडीच्या हौद्यात चढला आणि मांडवातले ते उभे मोठे पंखे खाली द्यायला लागला, ज्यांच्यासमोर वऱ्हाडी जेवतात. आम्ही आळीतल्या चार घरांतून वायरी ओढल्या आणि सगळे पंखे इंजिनाच्या तोंडाशी लावले. धूळ उडाली, दोन घरांची वाळत घातलेली धुणी उडाली. बायका ओरडत बाहेर आल्या आणि तिथंच थांबल्या. सगळ्यांत शेवटी रंगनाथनं नवरा-नवरीची लाल मखमलीची खुर्ची उतरवली, सोनेरी हातांची, ती पंख्यांच्या बाजूला सावलीत मांडली आणि वहिनींना दंडाला धरून आणून तीवर बसवलं. त्यांनी खुर्चीच्या पाठीमागं हात घालून बघितला. तिथं घोलपांचं नाव घातलेली पट्टी असते, ती निघाली होती. वहिनींनी रंगनाथकडे असं बघितलं, की त्यानं मान खाली घातली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा इंजिन हाताला गार लागलं. गफूरभाईनं वरचं झाकण काढलं. आत लोखंडी हातांची रांग तेलात चमकत होती. त्यानं पाना लावून इंजिन हातानं फिरवलं, पहिली झडप मिटली तिथं थांबवलं, नट सैल केला.

"किती ठेवू? पुस्तकात पॉइंट तीस हाय."

"हिला पुरंल एवढी ठेव," रंगनाथ म्हणाला.

"असलं माप जुडग्यात न्हाई, शेठ."

"मग इचारत इचारत ठेव."

तसंच केलं. गफूरभाईनं आधी पॉइंट तीसची पाती घातली, स्क्रू फिरवला, पाती जरा अडत सरकायला लागली तसा नट आवळला. एकामागून एक सगळ्या झडपा झाल्या. शेवटचा नट बसला आणि मला छातीत मोकळं वाटलं. कितीतरी दिवसांनी बोलायच्या आधी श्वास घेता आला. आसपासच्या सगळ्यांनीच तो घेतला, आळीभर सुस्कारा ऐकू आला.

"अगं, पुरे?" रंगनाथनं विचारलं.

वहिनींचे ओठ हलले. पण तोवर गर्दीतून कुणीतरी म्हणालंच, "पुरे की!"

"न्हाई पुरत," रंगनाथ म्हणाला. "वाढव."

गफूरभाईनं दोन पात्या एकत्र धरल्या. पुन्हा सगळ्या झडपा. पुन्हा विचारलं. या वेळी वहिनींच्या घशातून "अ" असा आवाज आला, पण त्यावर कुणाचा तरी खोकला आला आणि खोकल्यावर कुणाचं तरी बोलणं. "वाढव," रंगनाथ म्हणाला, आणि तो शब्द यायलाही आता वेळ लागला. तिसऱ्या खेपेला गफूरभाईनं जुडग्यातली सगळ्यात जाड पाती काढली. जरा घुटमळला.

"शेठ," तो म्हणाला. मग थांबला. त्याच्यासारखा बोलघेवडा माणूस थांबलेला मी पहिल्यांदा बघितला. "एवढी ठेवली तर गाडी लई बोंबलंल. तालुक्यापर्यंत आवाज जाईल. मोठ्या ऑर्डरी जातील."

रंगनाथनं बायकोकडे बघितलं.

"जाऊ दे," तो म्हणाला.

शेवटचा नट बसला. पंखे बंद केले होते. रंगनाथ खुर्चीजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "पुरे?"

सगळे थांबले. ठरवून थांबले नाहीत. कुणाच्या तोंडून शब्दच येईना. वाणी दारात उभा होता, त्याच्या हातात गुळाची ढेप होती. मंगलताई शिक्का घेऊन आल्या होत्या, त्या शिक्का धरून उभ्या राहिल्या. चिमण्या ओरडत होत्या, त्यांना हा नियम लागू नाही.

"हं," वहिनी म्हणाल्या. "पुरे."

आळीतल्या दोन बायका रडल्या. मीही रडलो. आता रडायला जागा होती.

मग हेमंत पुढं आला. तो आईसमोर जमिनीवर बसला, त्याची चांगली पँट धुळीत गेली. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि गावाच्या नियमानं त्याला थांबावं लागलं. थांबल्यावर त्याच्या तोंडून जे आलं ते बहुतेक त्यानं ठरवलेलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तुला यायचंय का?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. "येशील ना" विचारलं होतं, "चल" म्हटलं होतं. हा नव्हता विचारला.

वहिनींनी मुलाकडे बघितलं. त्याच्या कपाळावरचा घाम डाव्या हातानं पुसला. मग त्यांनी गाडीकडे बघितलं, उघड्या इंजिनाकडे, पंख्यांकडे. एक पंखा मोजणीत कमी होता, ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण भुवया वर गेल्या. मग घराकडे बघितलं, ओट्याकडे, मी बसतो त्या कोपऱ्याकडे. मग रंगनाथकडे. रंगनाथचे ओठ हलत होते, उत्तर त्याच्या जिभेवर होतं हे मला दिसत होतं. त्यानं स्वतःचाच हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. गच्च ठेवला.

अख्खं गाव वाट बघत होतं. वाण्याच्या हातातला गूळ उन्हानं पाझरायला लागला. शाळेतले गुरुजी घरच्या शिकवणीत एका पोराला काहीतरी विचारून तसेच उभे राहिले होते, असं नंतर कळलं. एसटीत असताना मी हजारदा घंटी मारली असेल, थांबायची आणि निघायची, पण एवढी माणसं मनापासून थांबलेली मी कधी बघितली नव्हती.

"विचार," वहिनी म्हणाल्या.

आम्ही थांबलो.

"विचार... करून... सांगते."

मग हेमंतनं मान हलवली. "बरं," तो म्हणाला. त्यानं डिकीतून बॅग काढली, औषधं काढली, काठी काढली, आणि आईच्या हातात काठी दिली. त्याला जायला वाट करून द्यायला रंगनाथनं पिकअप सुरू केली. ती अशी खडखडली की दौलत गवळ्याच्या म्हशींनी दावी ताणली.

वहिनींनी अजून सांगितलेलं नाही. विचार चालू आहे.

रंगनाथच्या तालुक्याच्या ऑर्डरी गेल्या. आसपासच्या वाड्यांमधली लग्नं मिळतात, तिथं सनई नसते. घाटात गाडी चढायला लागली की टकटक गावात ऐकू येते, आणि वहिनी पातेलं चढवतात, तेव्हा तिचा तो एक उपयोग झाला आहे. ग्रामसभा आता दोन दिवस चालते. मंगलताईंना तालुक्याला बोलणी बसली, त्यांनी ती ऐकून घेतली. दौलत गवळ्याकडे आम्ही पुन्हा एकदा गेलो आणि नीट गप्प बसून आलो. दिवाळी झाल्यावर टॅपेटचा विषय निघाला, फट किती ठेवायची असं ताईंनी विचारलं, आणि सगळी सभा वहिनी बसलेल्या लाल खुर्चीकडे बघत राहिली. ते उत्तरही यायचंय.

हेमंत सुरुवातीला अर्ध्या दिवसासाठी यायचा. आला, विचारलं, गेला. आता रजा काढून येतो आणि राहतो, कारण अर्ध्या दिवसात आमच्याकडे काही विचारून होत नाही. सकाळी आईच्या शेजारी ओट्यावर बसतो आणि म्हणतो, "आई, काय ठरलं?" मग तो चपला काढतो, चष्मा पुसतो. मी बाजूला सरकून त्याला जागा देतो, आणि आम्ही दोघं वाट बघत बसतो.